माप ओलांडताना

लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचेत
शंभर मिलिमीटरचा पोलादी ठोकळा.
अंगाला तेलाचा हात, वर मेणकागद,
दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी :
उघड्या हातानं शिवू नये.
इतकं सोवळं आमच्या देवालाही नाही.

उद्यमबागेतनं सातला निघायचं.
संकेश्वर, निपाणी, मग कोगनोळीचा नाका.
पेटी माझ्या मांडीवर.
शिपाई काच खाली घ्यायला लावतो.
‘काय आहे यात?’
‘लांबी,’ म्हणते मी.
तो झाकण उचलतो, बघतो, परत लावतो.
लांबीवर कर नाही.

पैसे दोन्ही सरकारांचे, निम्मे निम्मे.
मंजुरीची पत्रं दोन,
आकड्यांची वळणं निराळी, रक्कम तीच.
हिशेब तपासायला आलेले साहेब चहा ढवळत म्हणाले,
‘नेता, मोजता, परत आणता.
यातनं निघतं काय?’
गुरुसिद्धप्पा चष्मा पुसत राहिले जरा वेळ.
‘सर, इथं ओतलेलं कास्टिंग शिरोलीत कातलं जातं.
बसलं नाही की चूक कुणाची
हे आजवर फोनवर ज्याचा आवाज मोठा
तो ठरवायचा.’
साहेबांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

मी गडहिंग्लजची.
लग्न होऊन इकडं आले तेव्हा
उंबऱ्यावरचं माप उजव्या पायानं लवंडलं,
तांदूळ सांडले, कुणी मोजले नाहीत.
आठवड्यानं शेजारची महानंदा म्हणाली, ‘अळते कोडू.’
मी वाटीत अळता कालवून नेला.
तिला हवं होतं माझ्या झंपराचं माप.
दोघी हसलो,
माझी बोटं लाल, तिच्या हातात टेप.

खळ्यावर मात्र दोन्हीकडं
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
लाभ, दोन, तीन.
लाभ, एरडू, मूरु.

ठोकळा पोचला की रात्रभर वीस अंशांत निजतो.
एका अंशानं तापला तरी मायक्रॉनभर वाढतो,
त्यामुळं खोलीत तिसरं माणूस नको,
हसणं नको, आणि श्वास
शक्यतो दुसरीकडं तोंड करून.
पलीकडं अन्वर शिकलगार.
पणजोबा दारोदार सुऱ्यांना धार लावत फिरायचे,
हा चिमट्यानं पोलाद उचलतो
झोपलेलं पोर उचलावं तसं.

यंदा आमच्यात फरक आला :
शून्य पूर्णांक चार मायक्रॉन.
केसाच्या दीडशे चिरा करा, त्यातली एक.
मापात पाप, म्हणाला आमचा एक पोरगा,
आणि बोट अर्थातच उत्तरेकडं.
तिकडचा पोरगाही तेच म्हणाला असणार, दक्षिणेकडं.
अन्वरचा फोन आला, आवाज मोठा नव्हता.
‘ताई, अनिश्चितता धरली का?’

धरली. त्यांची तीन दशांश, आमची तीन दशांश,
वर्गांची बेरीज, वर्गमूळ, मग भागाकार.
उत्तर एकच्या आत. थोडक्यात, पण आत.
मोजणाऱ्या प्रत्येक आकड्याला
अधिक-उण्याचं एवढं अंगण असतं,
आणि आमची अंगणं एकमेकांत गेलेली.
हे मी अहवालात लिहिलं नाही.
अहवालात लिहिलं : निष्कर्ष समाधानकारक.

तीन वर्षं संपली. पुढच्या अर्जावर शेरा :
विचाराधीन.
खात्यात उरले सदतीस रुपये,
ते परत करायचे, साडेअठरा इकडं, साडेअठरा तिकडं.
बँकेतली बाई म्हणाली,
ड्राफ्टचं कमिशनच जास्त होतंय मॅडम, नक्की काढू?
गुरुसिद्धप्पांनी खिशातनं शंभराची नोट दिली.
काढा म्हणाले. दोन वेगवेगळे काढा.

मी प्रयोगशाळेत परतले.
ठोकळ्याला तेल लावलं, मेणकागद नवा घातला,
चिठ्ठीवर पुढची तारीख लिहायची जागा
कोरी ठेवली.